दोनशे सात कडवी

मला फक्त तीन टेबलं मांडायची होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण नंतर गावात जे काही बोललं गेलं, त्यात "हानुसला मोठेपणाची हौस" हे वाक्य फार वेळा आलं. एका टेबलावर आमच्या बेटांवरच्या जुन्या गोष्टींची पुस्तकं, दुसऱ्यावर विणकामाचे नमुने आणि तिसऱ्यावर पेंढा भरलेला चाल्दुर पक्षी, एवढाच माझा बेत होता. बारा मार्चला चाल्दुर समुद्रापलीकडून परत येतो, आणि त्या आठवड्यात हायस्कुलाच्या वाचनालयात वारसा-सप्ताह होतो. मी तिथला ग्रंथपाल, गेली एकोणीस वर्षं तो मीच करतो. वाचनालयात गर्दी असते, नाही असं नाही. बाहेर पाऊस असतो आणि आमचे रेडिएटर गरम असतात. पण टेबलांकडे कोणी ढुंकून बघत नाही. मागच्या वर्षी अभिप्रायाच्या वहीत दोन सह्या होत्या आणि दोन्ही माझ्या होत्या.

म्हणून यंदा काहीतरी जिवंत करावं असं मनात आलं. ते मनातच ठेवायला हवं होतं. मी ते शेजारच्या तुम्मासला बोललो. तुम्मास बोटीवरचा निवृत्त इंजिनियर. इंजिन हातातून गेल्यापासून तो माणसं दुरुस्त करतो.

"जिवंत म्हणतोस? मग मेंढा आण," तो दगडी कुंपणावर कोपर टेकून म्हणाला.

"वाचनालयात?"

"का? तुझ्याकडे येणाऱ्या पोरांपेक्षा शांत असतो तो."

मेंढा मी साफ नाकारला. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात मेंढ्याची तंगडी टांगलेली होती, वर्षभर वाऱ्यावर वाळवलेली, मांडायला म्हणून. तिचा वास चांगला की वाईट हा वाद आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, पण तो पोचतो लांबवर याबद्दल दुमत नाही. तुम्मास म्हणाला, "वारशाला वास असायचाच. नसेल तर तो विकतचा समजावा." मी ती तंगडी शाळेत नेली, कारण शेजाऱ्याचं मन मोडवत नाही आणि बायको ती घरात घेईना.

बायकोचं नाव एल्स्पा. ती कमी बोलते, आणि बोलते तेव्हा काम वाढतं. "टेबलं कसली मांडतोस," ती म्हणाली, "पोवाडा कर. ओलुवाआत्याला विचार."

आता फेर धरून पोवाडा म्हणणं आमच्याकडे सगळ्यांनाच येतं, अशी आमची समजूत आहे. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, हातात हात. वाद्य नाही, असलंच तर पायांचा दणका. पण खरं सांगायचं तर सगळ्यांना येतं ते पालुपद. कडवी एखाद्यालाच येतात. तो पुढे गातो, बाकीचे त्याच्यामागून ओठ हलवतात आणि पालुपद आलं की छप्पर उडवतात. मी स्वतः चाळीस वर्षं ओठ हलवत आलो आहे, आणि इतकं मन लावून हलवतो की दोनदा माझा फोटो वर्तमानपत्रात आला.

ओलुवाआत्या म्हणजे एल्स्पाच्या वडिलांची बहीण. वय चौऱ्याऐंशी, राहते समोरच्या बेटावर. तिचा नवरा हेग्नी आमच्या भागातला पुढे गाणारा होता. अकरा वर्षांपूर्वी गावच्या सभागृहात सिग्नाचा पोवाडा चालू असताना, एकशे एक्केचाळिसाव्या कडव्याच्या तोंडाशी, त्याचा हात ओलुवाच्या हातातून सुटला आणि तो फेरातच कोसळला. परत उठला नाही. पोवाडा तिथेच राहिला. सुरू केलेला पोवाडा अर्धवट सोडू नये असा आमच्याकडे रिवाज आहे, आणि सोडला तर काय होतं हे कोणालाच माहीत नाही, कारण कोणी सोडत नाही. त्या दिवसापासून सिग्नाचं नाव फेरात निघालं नाही. तो पोवाडा कोणी लिहूनही घेतलेला नव्हता. सबंध येणारं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते अकरा वर्षं गप्प होतं.

एल्स्पाला घेऊन मी समोरच्या बेटावर गेलो आणि चाचरत विचारलं. आत्या मोजा विणत होती. एक फेरी पूर्ण विणून झाल्यावर तिने मान वर केली.

"म्हणेन," ती म्हणाली. "पण एक अट. सुरू झाला की संपला पाहिजे. घंटा, जेवण, वादळ, काही मध्ये यायचं नाही. पुन्हा अर्धा राहिला ना हानुस, तर मी तो माझ्याबरोबर घेऊन जाईन. मग बसा शोधत."

"आत्या, माझा शब्द," मी म्हणालो.

"तुझा शब्द मला माहितेय. लग्नात तू भाषण करणार होतास."

परतीच्या बोटीत एल्स्पाने विचारलं, कडवी किती. मी म्हणालो दोनशे सात. तिने वाफेने धुरकटलेल्या काचेवर बोटाने हिशेब केला. पालुपद धरून कडव्याला वीस सेकंद, म्हणजे एकूण एकोणसत्तर मिनिटं. "आणि शाळेत वेळ किती मिळालाय?"

"पंचवीस मिनिटं."

मुख्याध्यापिका मार्युनबाईंनी अकरा दहा ते अकरा पस्तीस अशी वेळ दिली होती, कारण अकरा चाळीसला तिसऱ्या वर्षाची गणिताची चाचणी होती. एल्स्पाने काचेवरचा हिशेब बाहीने पुसून टाकला. ज्या तऱ्हेने तिने तो पुसला, ते मला बोट धक्क्याला लागेपर्यंत ऐकू येत होतं. मी दुसऱ्याच दिवशी मार्युनबाईंकडे गेलो. त्या छताच्या गळतीबद्दल फोनवर होत्या. त्यांनी एक बोट वर केलं, मी थांबलो. फोन संपल्यावर त्या म्हणाल्या, "हानुस, पंचवीस मिनिटं पुरतील ना तुम्हाला?" आणि मी, एकोणीस वर्षं नोकरी केलेला माणूस, म्हणालो, "अगदी भरपूर." अशा रीतीने मी दोन बायकांना दोन शब्द देऊन बसलो.

मग पोवाडा लिहून घेणं आलं. मला वाटलं होतं, ती सांगेल आणि मी लिहीन. चौथ्या कडव्याला मी म्हणालो, "आत्या, जरा थांब, शेवटची ओळ पुन्हा." आत्या थांबली, डोळे मिटले आणि पहिल्या कडव्यापासून सुरू झाली. मधून उचलणं तिला येतच नव्हतं. ते तिच्या डोक्यात एका धाग्याने विणलेलं होतं. आणि बसून म्हणतानाही टेबलाखाली तिचे पाय चालू असायचे, दोन डावीकडे, एक उजवीकडे. मी तीन शनिवार तिच्या स्वयंपाकघरात बसून सिग्ना ऐकली. पहिली चाळीस कडवी मी सव्वीस वेळा ऐकली असतील. सिग्ना वादळात सात भाऊ शोधायला एकटी नाव काढते. प्रत्येक भावाचं नाव, त्याच्या नावेचा रंग, त्याने निघताना काय खाल्लं, सगळं होतं. ही बाई आठवी शिकलेली. चष्मा कुठे ठेवला हे तिला आठवत नाही, आणि दोनशे सात कडव्यांत एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. आमच्या वाचनालयात अकरा हजार पुस्तकं आहेत आणि मला त्यांतलं एकही असं येत नाही. तिसऱ्या शनिवारी शेवटची ओळ लिहिली तेव्हा माझा हात सुजला होता, आणि मला टोपी काढावीशी वाटली, पण ती मी घातलेली नव्हती.

वाचनाचा उपक्रम मी असा आखला. नऊ वर्ग आहेत, प्रत्येकाने वीस कडवी घ्यायची आणि तीन आठवडे रोज सकाळी वाचनालयात येऊन मोठ्याने वाचायची. शेवटची सात आत्याची. उरली वीस. सगळ्यांनी पटापटा आपापली वीस निवडली, आणि एकशे एक्केचाळीस ते एकशे साठ कोणीही घेईना. छोटं गाव, सगळ्यांना सगळं ठाऊक. एका वर्गाची प्रतिनिधी मला स्पष्टच म्हणाली, "सर, त्या कडव्याला आम्ही तोंड लावणार नाही. आमची आजी नाही म्हणाली." हे ऐकून शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. अंधश्रद्धा म्हणे. ती वीस आम्ही घेतो म्हणे. घेतली आणि कॉफी संपायच्या आत विसरूनही गेले. मीही शिक्षकांतच मोडतो.

मधल्या काळात नगरपालिकेचं पत्र आलं. वाचनालय वरच्या मजल्यावर आहे, आणि वरच्या मजल्यावर साठांहून जास्त माणसांनी नाचायला बंदी आहे. मी तिथल्या सोल्मुंद नावाच्या अधिकाऱ्याला भेटलो. तो सज्जन माणूस, पण त्याचा फॉर्मवर विश्वास. त्याने विचारलं, "किती माणसं स्थिर असतील आणि किती हलती?"

"फेर आहे. सगळीच हलती."

"मग साठ."

"आणि वाचन असेल तर?"

त्याने नियम पाहिला. "वाचनाला दीडशे चालतील."

मी फॉर्मवर लिहिलं, "सामूहिक वाचन, उभ्याने, किंचित सरकत." सोल्मुंदने ते बराच वेळ वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "किंचित किती ते पाहायला मी स्वतः येईन."

या सगळ्या धामधुमीत मी दोनशे चाळीस पुस्तिका छापल्या. सोळा पानं, मुखपृष्ठावर नाव, आत टिपा. टिपा मी स्वतः लिहिल्या होत्या आणि मला त्या फार आवडल्या होत्या. सप्ताहाच्या दोन दिवस आधी मी एक पुस्तिका एल्स्पाच्या हातात दिली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली.

"छान आहे. पण ही धरायची कुठल्या हातात?"

मी उजवा हात पुढे केला. मग मला उजवीकडचा माणूस आठवला. मी डावा हात पुढे केला. तिथेही एक माणूस होता. चाळीस वर्षं मी फेर धरला आहे, आणि फेरात दोन्ही हात गुंतलेले असतात ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. डोळ्यांसमोर कागद आला की मला हात, पाय, माणसं काही दिसत नाहीत. तुम्मासला हे कसं कळलं ते मला माहीत नाही, पण संध्याकाळपर्यंत तो कुंपणापाशी हजर होता. "दातांत धरायला सांग," तो म्हणाला. "पण मग गाणार कसे, हा प्रश्न राहतो." पुस्तिका मी तंगडीशेजारी टेबलावर रचून ठेवल्या. कोणी उचलल्या नाहीत, आणि वर त्यांना वास लागला.

बारा तारखेला वादळ आलं. बोटी बंद झाल्या. वारा जरा उतरल्यावर आत्या हेलिकॉप्टरने आली, टपालाच्या पोत्याला खेटून, राष्ट्रीय पोशाखात, चांदीच्या साखळ्या लावून. वाचनालयात शिरल्यावर तिने नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाली, "चांगलं वाळलंय." तंगडीबद्दल त्या आठवड्यातलं ते एकमेव चांगलं मत. मग तिने कपाटं सरकवून केलेल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, हात पुढे केला, आणि तो धरायला जवळ मीच उभा होतो.

तिने आवाज लावला. लहान, कोरडा आवाज. पहिल्या कडव्याला फेरात आम्ही बाराजण होतो. आमच्या फेराला प्रेक्षक नसतात. जो जवळ येऊन उभा राहतो, त्याच्यासाठी दोन हात सुटतात आणि तो आत येतो. दहाव्या कडव्यापर्यंत चाळीस झाले. फेर खोलीत मावेना, तेव्हा तो कपाटांच्या मधल्या वाटांत शिरला, भूगोलाला वळसा घालून कादंबऱ्यांकडून परत आला. आणि मला ऐकू आलं की पोरं ओठ हलवत नाहीत, ती गातायत. प्रत्येक वर्गाची वीस कडवी आली की त्या वर्गाचा आवाज चढायचा, पण बाकीच्यांनाही ती येत होती. रोज सकाळी एकमेकांचं ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं. मी तीन आठवडे शेजारी बसून हजेरी मांडत होतो आणि मला याचा पत्ता नव्हता.

अकरा पंचवीसला सोल्मुंद आला. फायल काखेत धरून तो दारात उभा राहिला आणि माणसं मोजू लागला. त्याचे ओठ अठ्ठ्याहत्तरपर्यंत हललेले मी पाहिले. मग दोन हात सुटले, फायल पडली आणि एकोणऐंशीवा तो स्वतः झाला. माझ्या डाव्या हाताला तो आला होता. "हानुस, हे किंचित नाही," तो डावीकडे दोन पावलं जाता जाता म्हणाला. "हे थांबवायला हवं." मग एक पाऊल उजवीकडे. मग पालुपद आलं आणि त्याला ते येत होतं.

"वारा फिरला, शीड फिरव, घर मागे राहिलं."

अकरा पस्तीसला घंटा झाली. कोणी हललं नाही, म्हणजे सगळे हलतच राहिले. दारात मार्युनबाई आल्या, घड्याळाकडे बोट दाखवत. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याजवळ दोन शब्द होते आणि त्यातला एक पाळता येत होता. बाई दोन पावलं आत आल्या. काही बोलल्या, ते पायांच्या आवाजात बुडालं. त्यांच्यामागे गणिताचे सर प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले होते. पाच मिनिटांनी पाहिलं तर गठ्ठा खिडकीत होता आणि दोघं फेरात होते. जमीन खालून दणके परत देत होती. कपाटातली पुस्तकं एकेक करून पुढे सरकत होती.

एकशे चाळीस झालं. पालुपद झालं. आणि आत्या थांबली.

तिचा हात माझ्या हातात होता, आणि तो बर्फ झाला. तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पुढे गाणारा अडला तर पाय थांबवायचे नसतात, कोणी उचलेपर्यंत रिकामे चालवायचे. शंभरावर माणसं रिकामे पाय टाकत राहिली. दोन डावीकडे, एक उजवीकडे. हा वाटा शिक्षकांचा होता. गणिताचे सर जमिनीकडे बघू लागले. मार्युनबाई माझ्याकडे बघू लागल्या. पोरांना पुढचं येत नव्हतं, ती वीस कडवी कोणी वाचलीच नव्हती. जगात तो मजकूर दोनच माणसांच्या हातून गेला होता, आणि त्यातलं एक माझा हात घट्ट धरून गप्प उभं होतं. मी मनात म्हटलं, पुस्तिका. ती दहा हातांवर टेबलावर होती आणि माझे दोन्ही हात गुंतलेले होते. आत्याचा हात सुटला तर काय होईल, हे मी अकरा वर्षांपूर्वी त्याच फेरात उभं राहून पाहिलं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की माझी बोटं हलतायत. आत्याच्या तळहातावर ती लिहीत होती. डोक्यात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, पण हाताला माहीत होतं. आणि माझ्या तोंडून, माझ्या त्या भसाड्या आवाजात, बाहेर पडलं:

"सुटलं वल्हं सिग्नाच्या हातचं, सातवी लाट आली,
'थांबू नको गं,' म्हणालं पाणी, 'किनाऱ्याची वेळ झाली.'"

पालुपद आलं तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी एकशे बेचाळीस म्हटलं. त्रेचाळीस म्हटलं. चव्वेचाळीसला माझा सूर पार घसरला आणि कोणी हसलं नाही. मला भीती वाटत होती आणि मी इतका आनंदात कधी नव्हतो. एकशे अठ्ठेचाळीसला माझ्या उजवीकडून एक लहान, कोरडा आवाज माझ्या आवाजाखाली शिरला, आणि एकशे पन्नासला तो पुढे होता. मी ओठ हलवायला लागलो. आत्याने माझा हात झटकला. तेव्हा मी पुन्हा गाऊ लागलो.

शेवटची सात ती एकटी गायली. सिग्ना किनाऱ्याला लागते, सातांतला एकच भाऊ जिवंत असतो, आणि तो तिला विचारतो, एवढा उशीर का झाला. शेवटचं पालुपद संपलं आणि सगळे पाय एका दमात थांबले. टाळ्या वाजल्या नाहीत. टाळ्या वाजवायला फेराबाहेर कोणी उरलंच नव्हतं. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. गणिताची चाचणी झाली नव्हती. सोल्मुंद हळूच वाकून फरशीच्या सांध्याला हात लावून पाहत होता. मार्युनबाई माझ्यासमोर आल्या. त्या काही बोलतील म्हणून मी मान खाली घातली, पण त्यांनी नुसते डोळे पुसले आणि गणिताच्या सरांना म्हणाल्या, "उद्या घेऊ."

आत्याला खुर्ची दिली. ती बसली नाही. खिडकीशी उभी राहून समुद्राकडे पाहत राहिली, आणि तिच्याजवळ जायचं कोणाला धैर्य होईना. शेवटी मी गेलो. हेग्नीचं नाव घ्यावं की नाही, हा विचार करत मी तिथे उभा होतो.

"गोठ्याच्या दारात एक मेंढी अडकली की मागच्या सगळ्या अडून राहतात," आत्या बाहेरच बघत म्हणाली. "अकरा वर्षं दुसरा एक पोवाडा आठवत नव्हता मला. एक ओळसुद्धा नाही. वाटलं, म्हातारपण."

"आणि आता?"

तिने बोटांवर मोजलं. एक हात पुरला नाही, दुसराही लागला.

"सात येतायत," ती म्हणाली. "पहिला तीनशे बारा कडव्यांचा आहे. तुझे पाय दुखतायत का?"

"नाही," मी म्हणालो.